एका संगणकावर दोन खाती: शाळेचा ईमेल आणि स्वतःचा ईमेल वेगळा कसा ठेवावा

प्रथम सत्र परीक्षा संपल्यावर मी इयत्ता नववीचा गुणतक्ता घरच्या संगणकावर तयार केला आणि त्याची लिंक दोन विषयशिक्षकांना पाठवून दिली. रात्री नऊच्या सुमारास दोघांचेही फोन आले, की सर, तक्ता उघडत नाही, परवानगी मागा असे लिहून येते. त्यांनी मागितलेल्या परवानग्या शाळेच्या ईमेलवर आल्या असतील असे समजून मी शाळेचा इनबॉक्स दोनदा तपासला, पण तिथे काहीच नव्हते. त्या माझ्या वैयक्तिक इनबॉक्समध्ये, विजेच्या बिलाच्या आणि रेल्वेच्या तिकिटाच्या मेलखाली पडून होत्या, कारण तक्ता तयार झाला होता तोच मुळी माझ्या वैयक्तिक खात्यात. दोन तास वाया गेले याचे मला फारसे वाटले नाही. पण एका संपूर्ण तुकडीची नावे, हजेरी क्रमांक आणि गुण शाळेच्या ताब्यात नसलेल्या जागी जाऊन बसले होते, ही गोष्ट मनाला लागली.

हे का घडले, ते समजून घेतल्याशिवाय पुढची कृती नीट कळणार नाही. एकाच ब्राउझरमध्ये दोन गूगल खात्यांनी साइन इन केले, की ज्या खात्याने आपण आधी साइन इन केलेले असते ते मुख्य खाते ठरते. जीमेल उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीकडे पाहावे. तिथे 'यू' या अक्षरानंतर शून्य किंवा एक असा आकडा दिसतो. शून्य म्हणजे पहिले खाते, एक म्हणजे दुसरे. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून आपण दुसऱ्या खात्याचा इनबॉक्स उघडतो तेव्हा आपण 'शाळेत गेलो' असे आपल्याला वाटते. परंतु तो बदल त्या एका टॅबपुरता असतो. नवीन टॅबमध्ये शीट, फॉर्म किंवा मीट थेट उघडले, की ब्राउझर बहुतेक वेळा पुन्हा शून्य क्रमांकाच्या खात्याकडे वळतो. त्या रात्री माझे शून्य क्रमांकाचे खाते वैयक्तिक होते. शिवाय एका खात्यातून बाहेर पडायला गेले, तर संगणकावरच्या त्या ब्राउझरमधून सगळीच खाती एकदम बाहेर पडतात, हाही अनुभव अनेकांना असेल.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: एकाच खिडकीत दोन खात्यांची अदलाबदल करणे म्हणजे ती वेगळी ठेवणे नव्हे. दोन्ही खात्यांना ब्राउझरमध्ये स्वतंत्र प्रोफाइल द्यावे, म्हणजे ज्या खिडकीत शाळा आहे त्या खिडकीत घर येणारच नाही. प्रोफाइल म्हणजे त्याच ब्राउझरमधला स्वतंत्र संसार असतो. त्याचे बुकमार्क वेगळे, पाहिलेल्या पानांची नोंद वेगळी, जपून ठेवलेले पासवर्ड वेगळे, जोडलेली एक्स्टेन्शन (ब्राउझरची छोटी पूरक साधने) वेगळी आणि साइन इनही वेगळे.

क्रोममध्ये शाळेचे प्रोफाइल तयार करणे

आपल्याकडील पुष्कळ शाळांनी 2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी गूगलची शैक्षणिक खाती घेतली आणि ती आजही चालू आहेत, त्यामुळे मी क्रोमचेच उदाहरण सविस्तर देतो. आधी सध्याच्या खिडकीतून सर्व खात्यांमधून साइन आउट व्हावे. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग नव्या प्रोफाइलशेजारी जुना गोंधळ तसाच राहतो. त्यानंतर त्याच खिडकीत फक्त आपल्या वैयक्तिक खात्याने साइन इन करावे. हे झाले आपले घरचे प्रोफाइल.

आता खिडकीच्या वरच्या बाजूला, उजवीकडे तीन ठिपक्यांच्या शेजारी जे गोल चिन्ह दिसते त्यावर क्लिक करावे. हे चिन्ह जीमेलच्या पानातल्या चित्रापेक्षा वेगळे आहे. ते पानाच्या आत नसून ब्राउझरच्या पट्टीवर असते, आणि नेमकी हीच दोन चिन्हे एकमेकांत मिसळल्यामुळे पहिल्या प्रयत्नात घोटाळा होतो. उघडलेल्या यादीच्या तळाशी नवे प्रोफाइल जोडण्याचा पर्याय असतो. तो निवडला की एक कोरी खिडकी उघडते. तिच्यात शाळेच्या ईमेल पत्त्याने साइन इन करावे. खाते शाळेचे असल्यामुळे क्रोम एक सूचना दाखवतो, की हे प्रोफाइल आपली संस्था व्यवस्थापित करील. ही सूचना वाचून घ्यावी, घाईने पुढे जाऊ नये. तिचा अर्थ असा, की शाळेचा अ‍ॅडमिन (शाळेची सर्व खाती सांभाळणारा माणूस) या प्रोफाइलसाठी नियम ठरवू शकतो, उदाहरणार्थ कोणती एक्स्टेन्शन चालतील आणि कोणती चालणार नाहीत. आपण हेच खाते चुकून घरच्या प्रोफाइलमध्ये जोडू लागलो, तर क्रोम स्वतंत्र प्रोफाइल करण्याविषयी विचारतो. तिथे स्वतंत्रच निवडावे, आधीची माहिती त्यात मिसळण्याचा पर्याय निवडू नये. घरचे बुकमार्क आणि पासवर्ड एकदा शाळेच्या खात्यात गेले, तर ते वेचून बाहेर काढणे फार कटकटीचे होते.

पुढचे काम दिसायला किरकोळ आहे, पण मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. प्रोफाइलला नाव द्यावे आणि रंग निवडावा. मी एकाला 'शाळा' आणि दुसऱ्याला 'घर' अशी साधी नावे दिली आहेत. शाळेच्या खिडकीची वरची पट्टी गडद हिरवी आहे आणि घरची फिकट पिवळी. मेल लिहिताना डोळ्यांच्या कोपऱ्यात तो रंग सतत असतो, त्यामुळे आपण कुठे बसलो आहोत हे वेगळे आठवावे लागत नाही. सेटिंग्जमध्ये, प्रोफाइल सजवण्याच्या पानावर, डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवण्याचे एक बटण असते. विंडोजवर ते दोन्ही प्रोफाइलसाठी चालू करावे, म्हणजे डेस्कटॉपवर दोन वेगळी चिन्हे येतात आणि शाळेचे काम करायचे असेल तेव्हा सरळ शाळेच्या चिन्हावर क्लिक करता येते. ब्राउझर सुरू होताच कोणते प्रोफाइल उघडायचे हे विचारणारा पडदाही ठेवता येतो. घरात दोनतीन जण तोच संगणक वापरत असतील, तर तो अवश्य ठेवावा. कीबोर्डवरून दुसऱ्या प्रोफाइलकडे जायचे असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एम ही कळ एकत्र दाबावी.

प्रोफाइल केल्यानंतरही जे मिसळते

इथवर काम झाले की बहुतेक जण थांबतात. परंतु तीन वाटा उघड्याच राहतात, आणि त्या माझ्या सहकाऱ्यांच्या घरी जाऊन संगणक बसवून देताना मला एकेक करून सापडल्या.

पहिली वाट डाउनलोडची. प्रोफाइल वेगळी असली तरी दोन्हींतून उतरवलेल्या फाइल संगणकाच्या एकाच डाउनलोड्स फोल्डरमध्ये जाऊन पडतात. तिथे 'गुण अंतिम' आणि 'भाडेकरार अंतिम' शेजारी शेजारी राहतात, आणि मेलला अटॅचमेंट जोडताना बोट घसरले तर एकाच्या जागी दुसरी जाते. यावर उपाय सोपा आहे. डाउनलोड कुठे साठवायचे ही सेटिंग प्रत्येक प्रोफाइलला स्वतंत्र असते. शाळेच्या प्रोफाइलमध्ये जाऊन 'शाळा डाउनलोड' नावाचा एक वेगळा फोल्डर तिथे नेमून द्यावा. त्याच पानावर, प्रत्येक फाइल उतरवण्यापूर्वी जागा विचारण्याचा पर्यायही असतो; तो दोन्हीकडे चालू ठेवलेला बरा.

दुसरी वाट बाहेरून येणाऱ्या लिंकची. व्हॉट्सअ‍ॅपच्या संगणकावरील अ‍ॅपमध्ये मुख्याध्यापकांनी मीटची लिंक टाकली आणि आपण तिच्यावर क्लिक केले, तर ती क्रोमच्या त्या खिडकीत उघडते जी आपण सर्वांत शेवटी वापरली होती. आपण नुकतेच घरच्या प्रोफाइलमध्ये काही पाहत असू, तर सभेत आपण वैयक्तिक नावाने आणि वैयक्तिक चित्रासह दाखल होण्याच्या बेतात असतो, किंवा सभा शाळेच्या खात्यांपुरती मर्यादित असेल तर बाहेरच ताटकळत राहतो. म्हणून लिंकवर क्लिक करण्यापूर्वी शाळेच्या खिडकीवर एकदा क्लिक करून ती पुढे आणावी, आणि ते जमत नसेल तर लिंक कॉपी करून शाळेच्या खिडकीत पेस्ट करावी. दुसरी पद्धत थोडी लांबची असली तरी तिच्यात चूक होत नाही, त्यामुळे मी विद्यार्थ्यांना तीच शिकवतो. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये मात्र बाहेरच्या लिंक कोणत्या प्रोफाइलमध्ये उघडाव्यात हे सेटिंग्जमध्येच ठरवून ठेवता येते, ही त्याची चांगली सोय आहे.

तिसरी वाट आपण स्वतःच खणतो, ती म्हणजे फॉरवर्डची. दोन इनबॉक्स पाहायचा कंटाळा येतो, म्हणून शाळेचे सर्व मेल आपोआप वैयक्तिक पत्त्यावर वळवले जातात. काही शाळांचे अ‍ॅडमिन ही सोय बंद ठेवतात आणि ते योग्यच करतात. पालकांनी मुलाच्या आजाराविषयी विश्वासाने लिहिलेला मेल आपल्या खासगी इनबॉक्समध्ये, तिथून आपल्या फोनमध्ये, आणि फोन घरातल्या कुणाच्याही हातात, असा तो प्रवास असतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे, म्हणजे आपल्या शाळेतला जवळपास प्रत्येक विद्यार्थी त्यात येतो. कायदा बाजूला ठेवला, तरी पालकांनी ज्या पत्त्यावर लिहिले त्याच पत्त्यावर ते पत्र राहावे, हा साधा शब्द पाळण्याचा भाग आहे. सुट्टीत मेल पाहायचाच असेल, तर दिवसातून एकदा शाळेची खिडकी उघडून पाहावी.

याच्या जोडीला जीमेलच्या सेटिंग्जमधला पाठवलेला मेल मागे घेण्याचा अवधी वाढवून घ्यावा. तो पाच, दहा, वीस किंवा तीस सेकंद ठेवता येतो. दोन्ही खात्यांत तीस ठेवावा. शाळेच्या खात्यात नाव, विषय आणि शाळेचे नाव असलेली सही तयार करावी आणि वैयक्तिक खात्यात सही ठेवूच नये, म्हणजे मेलच्या खालच्या ओळी पाहूनही आपण कोणत्या खात्यातून लिहीत आहोत हे पाठवण्यापूर्वी लक्षात येते.

शाळेचे खाते मायक्रोसॉफ्टचे असेल तर

पद्धत तीच आहे. एजमध्येही वरच्या बाजूच्या चिन्हावरून नवे प्रोफाइल जोडता येते. इथे सावध राहण्याची जागा वेगळी आहे. वर्ड, टीम्स किंवा आउटलुक यांपैकी एखाद्या अ‍ॅपमध्ये शाळेच्या खात्याने साइन इन करताना विंडोज विचारतो, की संस्थेला हे उपकरण व्यवस्थापित करू द्यायचे आहे का, आणि खूण आधीच केलेली असू शकते. संगणक घरचा असेल तर ती खूण काढून, फक्त याच अ‍ॅपपुरते साइन इन करण्याचा पर्याय निवडावा. पूर्वी नकळत होकार दिला गेला असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, खात्यांच्या विभागात, कार्यालय किंवा शाळेशी असलेली जोडणी दिसते. तिथून ती तोडता येते.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांना प्रोफाइलखेरीज 'मल्टी अकाउंट कंटेनर्स' नावाचे मोझिलाचेच एक्स्टेन्शन मिळते. त्यात एकाच खिडकीत वेगवेगळ्या रंगांचे टॅब ठेवता येतात आणि प्रत्येक रंगाचे साइन इन वेगळे राहते. सवय असलेल्यांसाठी ते उत्तम आहे. पण बुकमार्क आणि पासवर्ड त्यात सामाईकच राहतात, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी प्रोफाइलच सुचवीन.

घरातला एक संगणक, माणसे अनेक

क्रोमच्या प्रोफाइलला कुलूप नसते, हे पक्के लक्षात ठेवावे. संगणक उघडा असेल तर घरातले कोणीही 'शाळा' या चिन्हावर क्लिक करून आपला इनबॉक्स वाचू शकते. त्यात वाईट हेतू असावाच लागतो असे नाही, धाकट्या मुलाला चित्र काढायचे असते आणि समोर दिसते ते चिन्ह तो दाबतो. त्यामुळे आई, वडील आणि मुले एकच संगणक वापरत असतील, तर ब्राउझरच्या प्रोफाइलच्या आधी विंडोजमध्येच प्रत्येकाचे स्वतंत्र खाते आणि पिन असावा. सेटिंग्जमधील खात्यांच्या विभागात इतर वापरकर्ते जोडण्याची सोय आहे. असे केले की फोल्डर, डाउनलोड आणि ब्राउझर, तिन्ही आपोआप वेगळे होतात. उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबावे, पडदा कुलूपबंद होतो.

शाळेच्या संगणक कक्षात, सायबर कॅफेत किंवा सेतू केंद्रात मात्र प्रोफाइल करूच नये. तिथे क्रोमच्या त्याच चिन्हाखालील यादीतून गेस्ट खिडकी उघडावी. ती बंद केली की साइन इन आणि पाहिलेल्या पानांची नोंद तिथे उरत नाही. उतरवलेली फाइल मात्र संगणकावरच राहते. प्रवेशपत्र किंवा गुणपत्रिका उतरवून छापली असेल, तर ती डाउनलोड्समधून आणि नंतर रीसायकल बिनमधूनही काढून मगच उठावे.

कोणता पत्ता कुठे द्यावा

या बाबतीत विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण शिक्षकाचा गोंधळ दोन तासांत मिटतो, विद्यार्थ्याचा गोंधळ प्रवेशाच्या ऐन दिवसांत समोर येतो. शाळेने दिलेले खाते शाळेचे असते. त्याचा पासवर्ड बदलणे, ते थांबवणे किंवा काढून टाकणे हे सर्व शाळेच्या अ‍ॅडमिनच्या हाती असते, आणि दहावी किंवा बारावीची तुकडी बाहेर पडली की जुनी खाती बंद करणे हे त्याचे नेहमीचे कामच आहे. नेमक्या त्याच महिन्यांत अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी, सीईटीचे आणि पुढचे प्रवेश, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज अशी एकामागून एक कामे येतात. दहावीच्या एका विद्यार्थिनीने अशा एका नोंदणीत शाळेचा पत्ता दिला होता. पासवर्ड विसरला, नवीन पासवर्डची लिंक बंद झालेल्या खात्याकडे गेली, आणि तिच्या आईला शाळेचे कार्यालय उघडेपर्यंत थांबावे लागले. खाते परत मिळाले, पण त्या दोन दिवसांत त्या घराची झोप उडाली होती.

म्हणून शाळेच्या पत्त्याचा उपयोग क्लासरूम, गृहपाठ, शिक्षकांशी पत्रव्यवहार आणि शाळेच्या सभा एवढ्यापुरताच करावा. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, डिजिलॉकर, बँक, प्रवासाची तिकिटे, अशा शाळेबाहेरच्या प्रत्येक कामासाठी स्वतःचा पत्ता द्यावा. पालकांनी दहावीच्या आधीच मुलाचे वैयक्तिक खाते व्यवस्थित करून घ्यावे, त्यात घरचा फोन क्रमांक जोडावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी, आणि पासवर्ड दोन्ही खात्यांना वेगवेगळे ठेवावेत. वैयक्तिक खाते परत मिळवण्यासाठी जो पर्यायी ईमेल विचारला जातो, तिथे शाळेचा पत्ता कधीही देऊ नये. पर्यायी किल्ली ज्या घरात ठेवली ते घरच उद्या बंद होणार असेल, तर तिचा उपयोग नाही.

उलट्या बाजूने होणारी चूकही सांगतो. वैयक्तिक गूगल खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून 15 जीबी जागा विनामूल्य मिळते. ती भरली की काही जण लग्नाचे फोटो शाळेच्या ड्राइव्हवर नेऊन ठेवतात. ती जागा संपूर्ण संस्थेत वाटून घेतलेली असते, आणि खाते बंद झाले की फोटोही त्याबरोबर जातात.

शाळा सोडताना

शाळा सोडल्याचा दाखला घेण्यापूर्वी किमान एक महिना हे काम हाती घ्यावे. शाळेच्या इनबॉक्समध्ये 'ओटीपी', 'पासवर्ड', 'नोंदणी', 'रजिस्ट्रेशन', 'व्हेरिफाय' असे शब्द एकेक करून शोधावेत. आपण कुठे कुठे हा पत्ता देऊन बसलो आहोत, त्याची यादी अर्ध्या तासात तयार होते. प्रत्येक ठिकाणी जाऊन पत्ता बदलावा आणि बदल झाल्याचा मेल वैयक्तिक इनबॉक्समध्ये आला का ते पाहावे.

फाइलच्या बाबतीत एक अडचण येते. शाळेच्या खात्यातील फाइलची मालकी संस्थेबाहेरच्या खात्याला देता येत नाही. तिची प्रत करावी लागते. शाळेने परवानगी ठेवली असेल, तर गूगल टेकआउटमधील मजकूर हस्तांतरित करण्याच्या सोयीने ड्राइव्हच्या फाइल आणि जीमेलचे मेल वैयक्तिक खात्यात जातात. त्यासाठी वैयक्तिक पत्ता भरायचा, तिथे आलेला कोड टाकायचा आणि वाट पाहायची. कामाला काही तास ते आठवडा लागू शकतो, आणि वैयक्तिक खात्यात तेवढी जागा मोकळी हवी. ही सोय बंद असेल, तर हव्या त्या फाइल एकेक उतरवून घ्याव्यात. शिक्षकांनी मात्र स्वतःच्या पाठाच्या टिपणांपुरतेच हे करावे. गुणतक्ते, हजेरी आणि पालकांची पत्रे शाळेतच ठेवून त्यांचा ताबा पुढच्या शिक्षकाकडे किंवा कार्यालयाकडे द्यावा. संस्थेच्या आत मालकी बदलता येते.

एवढे झाले की घरच्या संगणकावरून शाळेचे प्रोफाइल काढावे. त्याआधी त्यातले कामाचे बुकमार्क फाइल म्हणून बाहेर काढून घरच्या प्रोफाइलमध्ये आणावेत, आणि तिथे कोणकोणते पासवर्ड जपून ठेवले गेले आहेत ती यादी पाहावी, कारण प्रोफाइल काढले की संगणकावरील त्याचे बुकमार्क, नोंदी आणि पासवर्ड त्याच्याबरोबर पुसले जातात. 'शाळा डाउनलोड' हा फोल्डर मात्र तसाच राहतो. तो हाताने रिकामा करावा. आणि सगळे आवरल्यावर काही महत्त्वाचे मागे राहिल्याचे ध्यानात आले, तर त्याच दिवशी शाळेच्या अ‍ॅडमिनला कळवावे: काढून टाकलेले खाते 20 दिवसांपर्यंत त्याला परत आणता येते.